चुलीच्या धुराचे मोजमाप

श्रोतेहो, नमस्कार. व्यवसायजन्य आरोग्याचा विषय निघाला की आपल्यासमोर खाण, कापडगिरणी किंवा रसायनांचा कारखाना उभा राहतो. रोज सकाळ-संध्याकाळ चुलीपुढे बसून, ओले सरपण फुंकणीने पेटते ठेवणारी बाईसुद्धा धुळीत आणि विषारी वायूंत काम करत असते, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ही गोष्ट आकड्यांत मांडणारे संशोधक म्हणजे कर्क स्मिथ. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत त्यांनी अनेक वर्षे पर्यावरणीय आरोग्य हा विषय शिकवला. 2020 च्या जूनमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कामाची सुरुवात आपल्या शेजारच्या गुजरातेत झाली. हवेचे प्रदूषण म्हणजे शहराचे दुखणे, असा त्या काळी सर्वसाधारण समज होता आणि मोजणीची यंत्रेही शहरांतच बसवली जात. स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी 1981 साली चार खेड्यांतल्या स्त्रियांच्या अंगावरच हवेचे नमुने घेणारी छोटी यंत्रे लावली आणि स्वयंपाक चालू असताना त्या कोणती हवा श्वासावाटे घेतात, हे तपासले. 1983 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार त्या हवेत दर घनमीटरला सरासरी सुमारे 7 मिलिग्रॅम कण होते. भारतात आज दहा मायक्रॉनपर्यंतच्या बारीक धूलिकणांसाठी चोवीस तासांची मर्यादा दर घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा आहे. त्या वेळी लहान-मोठे सगळेच कण एकत्र मोजले होते आणि तेही केवळ स्वयंपाकाच्या वेळेपुरते, त्यामुळे हे दोन आकडे थेट शेजारी ठेवणे शास्त्राला धरून होणार नाही. तरीही चुलीपुढची हवा किती दाट होती, याची कल्पना त्यावरून येते.

स्मिथ यांचा मूळ मुद्दा साधा होता: धूर एकूण किती निघाला, यापेक्षा त्यातला किती माणसाच्या छातीत गेला, हे महत्त्वाचे. घरात सोडलेला प्रदूषक कण बाहेर सोडलेल्या कणापेक्षा फुप्फुसात पोहोचण्याची शक्यता ढोबळ मानाने हजारपट असते, असे ते सांगत. ते लेखक असलेल्या, 2012 साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक रोगभार अभ्यासात घरगुती धुराशी निगडित मृत्यूंचा वार्षिक अंदाज सुमारे 35 लाख इतका होता.

पण आजार धुरामुळेच होतो, गरिबीमुळे नाही, हे सिद्ध कसे करायचे? चूल आणि गरिबी एकाच घरात नांदतात, त्यामुळे नुसत्या पाहणीने हा गुंता सुटत नाही. म्हणून स्मिथ यांनी ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात पाचशेहून अधिक कुटुंबांवर प्रयोग केला. सोडतीने निवडलेल्या निम्म्या घरांना धुराडे असलेली चूल बांधून दिली. उरलेल्यांना ती अभ्यास संपल्यावर मिळाली. कार्यकर्ते दर आठवड्याला घरी येऊन दीड वर्षापर्यंतच्या बाळांची विचारपूस करत, आणि आजारी बाळाला तपासणाऱ्या डॉक्टरांना त्याच्या घरी कोणती चूल आहे, याची माहिती दिली जात नसे.

2011 साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष मला या सगळ्या कामातले सर्वांत मोलाचे वाटतात, कारण ते अडचणीचे होते. धुराड्यामुळे स्वयंपाकघरातला धूर पुष्कळ घटला, परंतु बाळांच्या श्वासात जाणारा धूर साधारण निम्माच कमी झाला. न्यूमोनियाच्या एकूण प्रमाणात दिसलेली घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरली नाही, म्हणजे ती निव्वळ योगायोगाचीही असू शकत होती. गंभीर न्यूमोनिया मात्र सुमारे एक-तृतीयांशाने कमी आढळला. धुराडे धूर घराबाहेर घालवते, तो नाहीसा करत नाही. पुढे स्मिथ सुधारित चुलींवर भिस्त न ठेवता गॅस आणि विजेचा पुरस्कार करू लागले. 2016 मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेच्या पहिल्या टप्प्यातली आठ कोटींवी जोडणी 2019 साली आपल्याच औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला देण्यात आली, तरी दुसरा सिलिंडर भरून आणण्याचा खर्च आणि अंगणातली चूल हे प्रश्न उरलेच.

तमिळनाडूसह ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा येथे नंतर झालेल्या मोठ्या चाचणीत गरोदर स्त्रियांना शेगडी आणि गॅस मोफत पुरवला गेला. त्यांच्या श्वासातले सूक्ष्म कण 70 मायक्रोग्रॅमच्या आसपास होते, ते 24 वर आले. पण बाळांच्या जन्मवजनात किंवा न्यूमोनियात ठळक फरक दिसला नाही. हे निष्कर्ष स्मिथ यांच्या मृत्यूनंतर, 2022 आणि 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. शेजारच्या घरांतला धूर पुन्हा आत येत असेल काय, की गॅस गरोदरपणाच्याही आधी पोहोचायला हवा होता, यावर संशोधकांचा खल अद्याप चालू आहे.