वेग मोजायचा तो मावशीच्या फोनवर
(इंदूरमधील एका व्याख्यानाचा संपादित भाग)

मघाशी चहाच्या वेळी दोघातिघांनी विचारलं, "सर, क्रोम वेगवान की फायरफॉक्स?" उत्तर देतो, पण आधी हा वेग मोजतात कसा ते पाहू.

ब्राउझरचा वेग मोजणारी गूगलची ऑक्टेन नावाची चाचणी २०१२ मध्ये आली आणि २०१७ मध्ये त्यांनीच ती बंद केली. ब्राउझरची इंजिनं, म्हणजे पान चालवणारा त्याचा गाभा, त्या चाचणीपुरतीच घोटून तयार होऊ लागली होती. गाइड पाठ करून मुलगा पहिला येतो, तसं. तिथे गुण वाढत होते, खरी पानं मात्र त्या प्रमाणात सुधारत नव्हती. आज स्पीडोमीटर नावाची चाचणी चालते. यादीत काम लिहायचं, खूण करायची, पुसायचं, अशा वापरणाऱ्याच्या हालचाली ती भराभर करून वेळ मोजते. २०२४ ची तिसरी आवृत्ती ब्लिंक (क्रोमचं), गेको (फायरफॉक्सचं) आणि वेबकिट (सफारीचं) या तिन्ही इंजिनांच्या लोकांनी मिळून केली, म्हणून मी तिला मान देतो. पण ती तुमचं पान मोजत नाही.

आमच्या गणेशोत्सवाची कार्यक्रमपत्रिका मी वेबवर टाकली होती. माझ्या लॅपटॉपवर क्षणात उघडायची. रामबागेतल्या मावशीचा फोन आला, "अरे, नुसतं पांढरं दिसतंय." मला फार लागलं ते. पत्रिका तिच्यासाठीच तर होती!

एफ१२ दाबून ब्राउझरमधली तपासणीची साधनं उघडली, त्यातल्या 'नेटवर्क'मध्ये जाऊन इंटरनेट मुद्दाम मंद केलं. ही सोय क्रोममध्येही आहे, फायरफॉक्समध्येही. मजकूर केव्हाच आलेला होता. ब्राउझर फॉन्टची वाट बघत तो झाकून बसला होता. अशी वाट तो साधारण तीन सेकंद बघतो. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या क्रमांकांच्या यादीत, देवनागरीच्या मुख्य तक्त्यात जागा १२८च, पण फॉन्टमध्ये द्ध, क्ष्म, र्‍या अशा जोडाक्षरांच्या शेकडो आकृत्या भराव्या लागतात. त्यात मी एकाच फॉन्टची चार वजनं, म्हणजे बारीक-जाड रूपं, लावली होती. दोन काढली, पानाच्या सीएसएसमध्ये (दिसण्याच्या सूचनांत) 'फॉन्ट-डिस्प्ले: स्वॅप', म्हणजे फॉन्टची वाट न बघता मजकूर दाखव, असं लिहिलं, आणि अक्षरं आधी फोनमधल्या फॉन्टमध्ये दिसू लागली.

कोणतं अक्षर नेमकं कोणत्या फॉन्टमधून आलं, हे पाहायला मला फायरफॉक्सची फॉन्ट्सची खिडकी आवडते. फॉन्टच्या नावावर माउस नेला की पानावरचा त्यातला मजकूर उठून दिसतो. मराठी पानं करणाऱ्याला याहून उपयोगी खिडकी मी दुसरी पाहिलेली नाही. क्रोममध्ये ही माहिती 'कम्प्यूटेड'च्या अगदी तळाशी मिळते. उलट प्रोसेसर चारपट किंवा सहापट मंद करून बघायचा तर क्रोमच घ्या. त्याच्या 'परफॉर्मन्स' खिडकीत ५० मिलिसेकंदांहून लांबलेलं काम लाल खुणेनं दिसतं. मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझर २०२० पासून क्रोमियमवरच, म्हणजे क्रोमच्याच पायावर आहे, त्यामुळे त्यातली साधनं जवळपास हीच.

तर उत्तर असं: रोजच्या वापरात दोघांतला फरक तुम्हाला क्वचितच जाणवेल, जड फॉन्ट मात्र दोन्हीकडे जाणवेल. म्हणून मी दोन्ही ठेवतो, अक्षरांसाठी फायरफॉक्स आणि मंद फोनचा अंदाज घ्यायला क्रोम. तोही अंदाजच. घरातला सर्वांत जुना अँड्रॉइड फोन घ्या, त्यात यूएसबी डिबगिंग (केबलवरून तपासणी करू देणारी सोय) चालू करा, केबलनं लॅपटॉपला जोडा आणि क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत 'क्रोम://इन्स्पेक्ट' इंग्रजीत टाइप करा. फोनवर उघडलेलं पान तिथे दिसेल. आता आपण तेच करणार आहोत; मावशीचा फोन मी सोबत आणला आहे.