पेन ड्राइव्हवरून चालणारी शाळेची मशीन्स
(बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांच्या शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

शिक्षक बंधुभगिनींनो, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला कुठल्याही शाळेत गेलं की ऐकू येतं, "सर, कॉम्प्युटर आहे, पण हार्ड डिस्क गेली." पावसाळ्यात करंट सारखा जातो-येतो. फिरती तबकडी असलेल्या डिस्कला ते फार काळ सोसत नाही. मग चालू मदरबोर्ड, धड मॉनिटर असं सगळं कोपऱ्यात धूळ खात पडतं. मला ते बघवत नाही, कारण त्यातली बरीच मशीन्स आजही पेन ड्राइव्हवरून सुरू होतात. फक्त त्या पेन ड्राइव्हचा स्वभाव आधी कळायला हवा.

त्याच्या आत असते ती फ्लॅश मेमरी. जपानमध्ये तोशिबा कंपनीत काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनी ती 1984 मध्ये जगापुढे मांडली. आज आपण वापरतो तो नँड प्रकार 1987 चा. माहिती राहते ती बारीकशा कप्प्यात कोंडलेल्या विद्युतभाराच्या रूपात. वाचताना त्या कप्प्याला जवळपास काही होत नाही. पुसताना मात्र भार जोर लावून पातळ आवरणातून बाहेर काढावा लागतो, आणि दर वेळी ते आवरण थोडं झिजतं. शिवाय लिहिणं पानागणिक होतं, पुसणं मात्र अख्ख्या ब्लॉकचं, म्हणजे अनेक पानांच्या गठ्ठ्याचं. पाटीवरचा एक शब्द बदलायला पाटीच धुवून सगळं पुन्हा लिहावं, तसा हा प्रकार. सुरुवातीच्या सिंगल-लेव्हल, म्हणजे कप्प्यात एकच बिट ठेवणाऱ्या, चिप सुमारे 1,00,000 वेळा पुसून घेत. आजच्या स्वस्त ट्रिपल-लेव्हल, म्हणजे कप्प्यात तीन बिट ठेवणाऱ्या, चिपची मजल साधारण 1,000 ते 3,000. एसएसडीत, म्हणजे फ्लॅश मेमरीच्याच डिस्कमध्ये, लिहिण्या-पुसण्याचा कारभार बघणारी कंट्रोलर चिप ही झीज सगळीकडे सारखी वाटून देतो. स्वस्त पेन ड्राइव्हमधला कंट्रोलर फार साधा असतो.

म्हणूनच डिस्कवर करतात तसं नेहमीचं इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हवर करू नका, असं मी आग्रहानं सांगतो. सिस्टीम गप्प बसलेली दिसली तरी आत लिहीतच असते: लॉग (कामाच्या नोंदी), ब्राउझरचा कॅशे (साठवून ठेवलेली पानं), स्वॅप (रॅम अपुरी पडली की डिस्कवर टाकलेली माहिती). अशा बारीक-बारीक लिखाणात पेन ड्राइव्ह अडखळतो, मशीन मिनिटभर गोठतं, आणि त्याच क्षणी करंट गेला तर फाइल सिस्टीम बिघडू शकते.

लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमच्या लाइव्ह पद्धतीत, म्हणजे इन्स्टॉल न करताच चालवण्याच्या पद्धतीत, यावर उत्तर आहे. सगळी सिस्टीम स्क्वॅशएफएस नावाच्या एकाच दाबून भरलेल्या फाइलमध्ये असते. ती फक्त वाचायची. चालू असताना जे बदल होतात ते ओव्हरले नावाच्या वरच्या थरात, म्हणजे मशीन बंद होताच रिकाम्या होणाऱ्या रॅममध्ये जातात. करंट गेला? परत सुरू करा, सिस्टीम जशीच्या तशी. एवढ्या एका गुणासाठी आपल्या भागात मी हीच पद्धत निवडेन. 2000 मध्ये आलेल्या क्नॉपिक्स या लिनक्सनं लाइव्ह पद्धत सीडीवर लोकप्रिय केली. पपी लिनक्स तर काही शे मेगाबाइटची. पुरेशी रॅम असेल तर पूर्ण रॅममध्ये चढते. मग पेन ड्राइव्ह काढून शेजारच्या मशीनला लावायचा. एका पेन ड्राइव्हवर अख्खी लॅब सुरू होते!

मुलांचं काम जपायला दुसरा पेन ड्राइव्ह ठेवा. मराठी आणि कन्नड दोन्ही कीबोर्ड मात्र मूळ फाइलमध्येच बसवून घ्या, नाहीतर रोज सकाळी ते पुन्हा लावत बसावं लागेल.

मशीन 32-बिटचं, म्हणजे जुन्या धाटणीच्या प्रोसेसरचं आहे का, हे आधी बघा. डेबियन या लिनक्सच्या 13 व्या आवृत्तीत त्यासाठी इन्स्टॉलरच नाही. तिथे डेबियन 12 किंवा जुनी पपी घ्या. बाजारातून आणलेला पेन ड्राइव्ह एफ3 या मोफत प्रोग्रॅमनं तपासा, कारण 64 जीबीचा छाप मारलेले 8 जीबीचे माल विकले जातात.

ऑफिसच्या मशीनची गोष्ट वेगळी. तिथे दाखले आणि हजेरी रोज लिहिली जाते, तेव्हा पैसे जमवून साटा जोडणीची एसएसडीच बसवा, आणि सोबत यूपीएस (करंट गेल्यावर थोडा वेळ बॅटरीवर चालवणारा). एसएसडीलाही लिहिताना करंट गेलेला मानवत नाही.