फेमाची झडती

हा दरवाजा जरा नीट बघा. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समधल्या घराचा आहे, 2005 सालचा, आणि त्यावर स्प्रेनं ही जी मोठी फुली मारलीय ना, ते कुणा टवाळ पोराचं काम नाहीये. शोधपथकं घराघरात जाऊन बघायची आणि बाहेर पडताना अशी खूण करून जायची. फुलीच्या डावीकडे कुठली टीम आली ते, वर तारीख, उजवीकडे आत काही धोका असेल तर तो, गॅस वगैरे, आणि खाली आकडा. हा खालचा आकडा म्हणजे आत सापडलेली माणसं, जिवंत किंवा मेलेली.

आपल्याकडे 26 जुलै होऊन, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडून जेमतेम महिना झाला होता, तेवढ्यात 29 ऑगस्टला तिकडे कतरिना वादळ धडकलं, शहराचे बंधारे फुटले आणि लोक छपरावर बसून कित्येक दिवस मदतीची वाट बघत राहिले. सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं, फेमा. म्हणजे अमेरिकन सरकारची आपत्ती व्यवस्थापन एजन्सी. तिचा तेव्हाचा प्रमुख मायकेल ब्राऊन, आधी अरबी घोड्यांच्या एका संघटनेत होता, आणि राष्ट्राध्यक्ष बुश कॅमेऱ्यासमोर त्याची पाठ थोपटून गेले, त्यानंतर दहाच दिवसांत त्याला घरी जावं लागलं.

आता फेमा म्हटलं की आपल्याला वाटतं एनडीआरएफसारखं असेल, नारिंगी ड्रेस, रबरी बोटी. तसं नाहीये. शोध आणि बचावाच्या 28 टीम आहेत खऱ्या, पण त्यातली माणसं मूळची गावोगावच्या फायर ब्रिगेडची वगैरे. फेमाचं खरं काम पैसे आणि जुळवाजुळव. राष्ट्राध्यक्षांनी मोठी आपत्ती जाहीर केली की रस्ते, पूल, पाण्याच्या लाइनी परत उभ्या करायच्या खर्चातला किमान 75 टक्के वाटा केंद्र उचलतं. म्हणून फेमा नको असं म्हणणं सोपं, पण मग तो 75 टक्क्यांचा चेक कोण फाडणार ते पण सांगावं लागतं, आणि छोट्या राज्यांच्या पोटात गोळा येतो तो इथेच.

आता या 24 जानेवारी 2025 वर. ट्रम्प नॉर्थ कॅरोलिनातल्या ॲशव्हिलला गेले. चारच महिन्यांपूर्वी हेलीन वादळानं हा डोंगरी भाग धुऊन काढलेला, नळाला पिण्यासारखं पाणी यायला 53 दिवस लागले. लोक चिडलेले होते, त्यात फेमा फक्त 750 डॉलर देते अशी अफवा पसरलेली, खरं तर ती तातडीच्या खर्चाची पहिली रक्कम होती, पण अफवेला कोण थांबवणार. तिथे ट्रम्प म्हणाले की फेमा बंदच करावी की काय असा विचार चाललाय. आणि त्याच दिवशी ऑर्डर निघाली, फेमाचा आढावा घ्यायला कौन्सिल. जास्तीत जास्त वीस सदस्य, 90 दिवसांत पहिली बैठक, त्यानंतर 180 दिवसांत रिपोर्ट. मदत देताना ट्रम्प समर्थकांची घरं टाळा असं वरून सांगितलं होतं, हा एका माजी फेमा कर्मचाऱ्याचा आरोपसुद्धा त्या ऑर्डरमध्येच आहे.

सल्लागार नेमण्यात नवीन काही नाही हो. 1992 मध्ये अँड्र्यू वादळानंतर फेमाची अशीच चिरफाड झाली, कतरिनानंतर 2006 मध्ये तर कायदाच झाला आणि त्या कायद्यातच एक राष्ट्रीय सल्लागार कौन्सिल बसवली. म्हणजे एक होतीच. मग ही दुसरी कशाला?

उत्तर खुर्चीत बघा. 2025 मध्ये या नव्या कौन्सिलचे अध्यक्ष नेमले दोन, संरक्षण मंत्री पीट हेगसेथ आणि होमलँड सिक्युरिटीच्या, म्हणजे देशांतर्गत सुरक्षेच्या, तेव्हाच्या मंत्री क्रिस्टी नोएम. आणि फेमा 2003 पासून आहे कुणाच्या खात्यात? होमलँड सिक्युरिटीच्याच. म्हणजे पेपर ज्यांचा तेच तपासणार. आपल्या 26 जुलैनंतर नेमलेली समिती आठवा, अध्यक्ष कोण होते, माधवराव चितळे, पाण्यात हयात घालवलेला इंजिनिअर. त्यांच्या शिफारशींचं पुढे काय झालं हा वेगळा विषय, मुंबईच्या नाल्यांचा 1993 चा रिपोर्ट तर तेव्हा आधीच धूळ खात पडलेला. पण निदान खुर्चीत पालिकेचे आयुक्त नव्हते.

बरं, सगळेच होयबा भरले होते असंही नाही. टेक्सासचे ग्रेग ॲबट, व्हर्जिनियाचे ग्लेन यंगकिन हे गव्हर्नर होते, फ्लोरिडातल्या टँपाच्या डेमोक्रॅट, म्हणजे विरोधी पक्षाच्या, महापौर होत्या, राज्यांच्या आपत्ती विभागात आयुष्य काढलेले लोक होते. पण वारं कुठल्या दिशेचं आहे ते लगेच कळलं. 7 मे ला फेमाचे हंगामी प्रमुख कॅमेरॉन हॅमिल्टन काँग्रेससमोर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसमोर, म्हणाले की फेमा मोडीत काढणं लोकांच्या हिताचं वाटत नाही, आणि 8 मे ला त्यांची नोकरी गेली. कौन्सिलची पहिली बैठक 20 मे ला. निकाल आधी लागला आणि सुनावणी नंतर, असंच म्हणायचं ना?

मग 4 जुलै. टेक्सासच्या डोंगराळ भागात ग्वादालूपे नदी पहाटेच्या अंधारात 45 मिनिटांत साधारण 26 फूट चढली. नदीकाठी मुलींचा कॅम्प होता, तिथल्या मुली आणि त्यांना सांभाळणाऱ्या ताई मिळून 27 जणी गेल्या, एकूण मृत्यू 130 च्या वर. त्या वेळी खात्यात नियम असा की एक लाख डॉलरच्या वरचा प्रत्येक खर्च मंत्र्यांच्या सहीनं. या सहीपायी टीम उशिरा हलल्या अशा बातम्या आल्या, मंत्रालयानं ते साफ नाकारलं. खरंखोटं बाजूला ठेवू, पण पाणी 45 मिनिटांत चढतं तिथे एवढी फाइल वर जातेच कशाला? आणि 9 जुलैला, नदीत अजून शोध चालू असताना, कौन्सिलच्या बैठकीत नोएम बोलल्या की आजची फेमा संपवून नव्यानं उभी करायला हवी.

रिपोर्टवर मत घ्यायची बैठक ठरली 11 डिसेंबरला, आणि ती त्याच दिवशी ऐनवेळी रद्द झाली. वादळांचा सीझन 30 नोव्हेंबरला संपलेला. त्या अख्ख्या सीझनमध्ये एकही हरिकेन अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आदळलं नाही.