पावसाळ्यातला नुगा

(दृश्य: सकाळ. कौलांवरून गळणाऱ्या पागोळ्या. स्वयंपाकघराची उघडी खिडकी.)

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आठ दिवसांवर आली आहे. काल दुपारी लागलेला पाऊस अजून उघडलेला नाही. हे फोंडा तालुक्यातलं म्हार्दोळ, माझं माहेर. या दिवसांत इथे दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटतं, पापड डब्यातल्या डब्यात मऊ पडतात. आणि नेमकं अशाच वेळी माझ्या वहिनीनं ओट्यावर काय काय मांडलंय पाहा. मार्शमॅलो, म्हणजे कापसासारखे मऊ गोड गोळे, दुधाची पावडर, बिस्किटं. ओल लागली की बिघडणाऱ्याच सगळ्या वस्तू.

"वन्सं, कॅमेरा गॅसपासून लांब ठेवा. वाफ लागेल त्याला."

आज ती नुगाच्या वड्या करणार आहे. नुगा म्हणजे साखरेच्या फेसाळ पाकात सुकामेवा धरून केलेली मिठाई. तीही ओव्हनमध्ये न भाजता.

या घरात ओव्हन कधीच नव्हता. गोव्यातल्या कितीतरी घरांत नसायचा, तरी गोडधोड कधी अडलं नाही. दोदोल करायचं तर नारळाच्या रसात गूळ आणि तांदळाचं पीठ घालून, मिश्रण भांड्याच्या कडा सोडेपर्यंत ढवळत राहायचं. पेराद, म्हणजे पेरूची वडी, तीही ढवळूनच होते. चण्याच्या डाळीचं दोसही तसंच. बिबिंकाची गोष्ट निराळी, तिला वरून विस्तव लागतो, एक थर भाजला की त्यावर दुसरा. पण एकूण आमच्याकडच्या हातांना ढवळण्याची सवय आहे. भाचीनं मैत्रिणीच्या डब्यातली ही वडी खाऊन आईपाशी हट्ट धरला, तेव्हा कृती ऐकून वहिनी म्हणाली होती, "हे तर दोदोलापेक्षा सोपं आहे."

(दृश्य: ताटलीत मार्शमॅलो. बोटानं दाबल्यावर पुन्हा फुगून वर येणारा एक तुकडा.)

मूळचा नुगा मात्र सोपा नाही. फ्रान्समधल्या मोंतेलिमार गावाचा नुगा जगभर प्रसिद्ध आहे. तिथे मधाचा आणि साखरेचा पाक उकळतात, फेसलेल्या अंड्याच्या पांढऱ्यात तो बारीक धारेनं सोडतात, दाट होईपर्यंत घोटतात आणि मग भाजलेले बदाम, पिस्ते घालतात. इटलीत याच कुळीचा तोर्रोने आहे, स्पेनमध्ये तुर्रोन. पाक कच्चा राहिला तर वडी पसरते, पुढे गेला तर दात लागत नाही. घरी पहिल्याच खेपेला जमेल असं हे काम नव्हे.

मार्शमॅलोचं कूळ वेगळं आहे, आणि ते ऐकून माझ्या आईला फार आनंद झाला. दलदलीच्या जागी वाढणारी मार्श मॅलो नावाची एक वनस्पती आहे. हकिमी औषधांत तिला खतमी म्हणतात. तिच्या मुळातून बुळबुळीत चीक निघतो. फ्रान्समध्ये १९ व्या शतकात तो चीक साखर आणि अंड्याच्या पांढऱ्याबरोबर फेसून मिठाई करत. पुढे मुळाची जागा जिलेटिननं घेतली, नाव तेवढं उरलं. ही वनस्पती भेंडीच्या आणि जास्वंदीच्या कुळातली. आई त्या वेळी सात शिरांची भेंडी चिरत बसली होती. तिनं विळीवरचा हात थांबवला, दोन बोटांत तार धरून दाखवली आणि विचारलं, "असा चीक?"

असाच.

आणि मग या पदार्थाबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्टही तिनंच सांगितली. ती कळायला वहिनीची एक अख्खी खेप वाया गेली होती.

गेल्या वर्षीची गोष्ट. चवथीच्या आधी वहिनीनं पहिल्यांदाच या वड्या करायला घेतल्या. कढईत लोणी, त्यात मार्शमॅलो. सगळं विरघळलं, आणि तेवढ्यात मुंबईहून माझा फोन आला. तिनं गॅस बारीक केला, बंद केला नाही. बोलणं झालं पाच-सात मिनिटांचं. परत येऊन तिनं बाकीचं साहित्य घातलं, ताटात थापलं. तासाभरानं सुरी चालेना. पाट्यावरच्या वरवंट्यानं फोडलेले तुकडे मुलांनी दोन दिवस चघळले. तो फोन मीच केला होता, म्हणून ही खेप माझ्याही मनाला लागून राहिली आहे.

वहिनीला वाटत होतं, बिस्किटं जुनी असतील, नाहीतर लोणी कमी पडलं. आईनं एक तुकडा उजेडात धरला आणि म्हणाली, "पाक पुढे गेला गो."

पण पाक केलाच कुठे होता?

केला होता, कारखान्यात. मार्शमॅलो म्हणजे साखर आणि ग्लुकोजचा तयार पाकच आहे. साधारण ११५ अंश सेल्सियसपर्यंत उकळलेला, मग जिलेटिन घालून हवा भरून फेसलेला. निम्मं काम दुसऱ्या कुणीतरी करून पाकिटात भरून पाठवलेलं असतं. आपण फक्त तो सैल करायचा, पुन्हा उकळायचा नाही. आच लागत राहिली की उरलंसुरलं पाणी उडतं आणि मऊ गोळीचा पाक कडक गोळीकडे जातो. कडक गोळी होते १२१ अंशांपुढे. आईनं आयुष्यात थर्मामीटर हातात धरलेला नाही. एकतारी, दोनतारी, गोळीबंद, हे तिला अंगठा आणि तर्जनीत कळतं. हीच मोजपट्टी तिनं मार्शमॅलोला लावली, आणि ती तंतोतंत लागू पडली.

(दृश्य: लोखंडी कढईत काजू. मंद आच. उलथन्याचा आवाज.)

आज सुरुवात काजूंपासून. १०० ग्रॅम, तुकडा काजू. काजूचं झाड पोर्तुगिजांनी १६ व्या शतकात ब्राझीलहून आणलं आणि गोव्यानं ते आपलंसं केलं. आता आमच्या डोंगरावर ते कुणी लावलं हे विचारायचंही कुणाला सुचत नाही. अख्खा काजू दिसायला देखणा, पण या वडीत तो नको. सुरी अख्ख्या काजूवर आली की तो फुटतो आणि वडीची कड मोडते. तुकडा असला की काप साफ येतो, आणि तो स्वस्तही पडतो. मंद आचेवर, रंग जेमतेम बदलेपर्यंत भाजायचा. वास सुटला की उतरवायचा, कारण गरम काजू कढईबाहेरही थोडा वेळ भाजत राहतो.

त्याच कढईत, गॅस अगदी मंद ठेवून, बिस्किटं. मारीसारखी साधी, १५० ग्रॅम, हातानं चार-चार तुकडे केलेली. चुरा करायचा नाही. हा पावसाळ्यातला खास टप्पा आहे, उन्हाळ्यात वहिनी यातलं निम्मंच करते. पाकीट काल फोडलेलं असलं तरी बिस्किटं सादळलेली असतात. कोरड्या कढईत तीन-चार मिनिटं परतली की ओल निघून जाते आणि मोडताना पुन्हा टक् असा आवाज येतो. वहिनी एक तुकडा कानाजवळ नेऊन मोडते. दुसरा फायदा म्हणजे बिस्किटं कोमट असली की पुढे चिकट मिश्रणात पडल्यावर ते आळत नाही. थंड साहित्य घातलं की मार्शमॅलो जागच्या जागी घट्ट होतो आणि मग कितीही ढवळा, काही उपयोग नाही.

परदेशी कृतींत लाल क्रॅनबेरी असते. वहिनीनं तिच्या जागी मे महिन्यात घातलेलं आंब्याचं साठ, म्हणजे आंबापोळी, घेतलंय, कात्रीनं बारीक कापून, मूठभर. तसं म्हटलं तर हा बदल मूळ पदार्थापेक्षा सरस आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. सगळा गोडवा दुधाळ असताना मध्येच साठाचा आंबटपणा जिभेला लागतो आणि दुसरी वडी उचलावीशी वाटते.

(दृश्य: अगदी जवळून. नॉनस्टिक पॅन. लोणी वितळतंय.)

आता खरं काम. यापुढे वहिनी बोलत नाही आणि फोन माजघरात ठेवलेला आहे.

५० ग्रॅम बिनमिठाचं लोणी. वितळलं की लगेच १५० ग्रॅम मार्शमॅलो. गॅस सगळ्यात बारीक. पहिलं मिनिटभर काहीच होत नाही, पांढरे गोळे लोण्यात नुसते लोळतात. मग कडा गुळगुळीत व्हायला लागतात. एक गोळा शेजारच्यात मिसळतो, मग तिसरा. जिलेटिन ३५ अंशांच्या आसपासच सैल होतं, म्हणून इतकी थोडी आच पुरते. रबरी उलथनं तळापासून वर, तळापासून वर. लोणी आधी वेगळं राहतं, कडेनं पिवळं दिसतं, मग आत जिरतं. शेवटच्या दोन-तीन गुठळ्या दिसत असतानाच ती गॅस बंद करते. त्या पॅनच्या उबेनंच विरघळतात. मी घड्याळ लावलं होतं, लोणी वितळल्यापासून इथपर्यंत चार मिनिटं.

उलथनं वर उचललं की जाड, चकचकीत पट्टा खाली येतो आणि तुटत नाही. आई उंबऱ्यातून पाहते आहे. मान हलवते.

लगेच दुधाची पावडर, ५० ग्रॅम, चाळून. चाळायचीच, कारण या हवेत तिच्याही गुठळ्या होतात. ही पावडर आली की पांढरा फेस नुगा व्हायला लागतो. चिकटपणा कमी होतो, दुधाची चव येते, आणि मिश्रणातलं मोकळं पाणी ती शोषून घेते, म्हणून बिस्किटं लवकर मऊ पडत नाहीत. तैवानमध्ये दुधाची पावडर घालून नुगा करतात, ही त्याचीच सोपी धाकटी बहीण. चिमूटभर मीठ. मग काजू, साठ, आणि सगळ्यात शेवटी बिस्किटं.

इथून घाई. हाताला लोणी लावून वहिनी मिश्रण कणकेसारखं मळत नाही, ताणते आणि घडी घालते. ताणलं की धागे निघतात, घडी घातली की ते बिस्किटांभोवती गुंडाळले जातात. पाच-सहा घड्या. मग बटर पेपर लावलेल्या चौकोनी डब्यात, वरून दुसरा कागद, आणि वाटीच्या बुडानं दाबून सारखं. कोपरे आधी भरायचे. उंची बोटाच्या एका पेरापेक्षा थोडी जास्त.

भाची विचारते, "फ्रिजमध्ये ठेवू?"

नाही. फ्रिजमधून काढलेली थंड वडी या दमट हवेत आली की अंगावर दव धरते आणि वर लावलेली पावडर चिखलासारखी होते. बाहेरच, पंख्यापासून लांब, तास-दीड तास.

(दृश्य: पाऊस. अंगणातली जायांची वेल. दुपार.)

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलै-ऑगस्टमध्ये हवेत इतकी ओल असते की साखरेचा कुठलाही पदार्थ उघडा राहिला तर हवेतलं पाणी ओढून घेतो. आमच्या जत्रांतलं खाजं आठवा. बेसनाच्या काडीवर गुळाचा आणि आल्याचा लेप. थंडीतल्या जत्रेत ते कसं खुटखुटीत लागतं, आणि तेच पावसात दोन तास उघडं ठेवा. आईनं हे जन्मभर पाहिलंय. म्हणून कापण्याच्या वेळी ती स्वतः येऊन बसते.

सुरी जाड पात्याची. ओढायची नाही, सरळ खाली दाबायची. पहिला काप. आत पांढऱ्यात तपकिरी बिस्किटांचे कोपरे, काजूची फिकट पिवळी झाक, साठाचे केशरी ठिपके. प्रत्येक वडी सहाही बाजूंनी दुधाच्या पावडरीत घोळवायची, कापलेली बाजू तर दोनदा. नुसत्या शोभेसाठी नव्हे, हे वडीचं पांघरूण आहे. मग एकेक वडी कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. पावसाळ्यात वहिनी आठवडाभराच्या आत संपतील एवढ्याच करते.

(दृश्य: ओट्यावर मार्शमॅलोचं दुसरं पाकीट. खूण जवळून.)

एक पाकीट अजून फोडायचंय. जिलेटिन जनावरांच्या कातडीपासून आणि हाडांपासून काढतात. आमच्या घरी मासळी रोजची, पण सोमवार शिवराक, म्हणजे शाकाहारी, आणि चवथीचे दिवस तर शिवराकच. गेल्या वर्षी आईनं हातातली वडी तोंडाशी नेता नेता विचारलं होतं, "हें शिवराक मगो?" वहिनी उत्तर देऊ शकली नव्हती. तेव्हापासून ती पाकिटावरची खूण आधी पाहते, हिरवा ठिपका की तपकिरी खूण.

हिरव्या ठिपक्याचे मार्शमॅलो सहसा समुद्री शेवाळापासून केलेल्या, घट्ट करणाऱ्या पदार्थावर धरलेले असतात. त्यांचा स्वभाव वेगळा. तो पदार्थ अगार असेल तर ते ८५ अंशांच्या आसपास विरघळतं. म्हणून ते लोण्यात लवकर सैल होत नाहीत, पॅनला धरून बसतात. घाबरून आच वाढवली की साखर करपते. वहिनीनं दोन वेळा बिघडवून वाट काढली आहे. मार्शमॅलो कात्रीनं बारीक कापायचे, दोन चमचे दूध घालायचं, आणि पॅन थेट गॅसवर न ठेवता उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवायचा. दहा-बारा मिनिटं लागतात. वडी थोडी ठिसूळ होते, तितकी ताणली जात नाही. पण चव तीच.

संध्याकाळ झाली आहे. पाऊस तसाच. ओट्यावर एकाच मापाचे दोन डबे आहेत. भाचीनं त्यातल्या एकाच्या कडीला लाल दोरा बांधलाय, गाठ पक्की केलीय. तो डबा आई उचलते आणि गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायच्या खोलीत, वरच्या फळीवर नेऊन ठेवते.