करंट नेमका कुठून कुठे?

[दृश्य : परभणी, मोंढ्याजवळचं बॅटरीचं दुकान]

मृग तोंडावर आला की इथं ट्रॅक्टरांची रांग लागते. मिस्त्री पान्हा घेतो आणि आधी सोडतो ती काळी वायर, मायनसची. ट्रॅक्टरचा अख्खा सांगाडा मायनसलाच जोडलेला असतो. प्लसचा नट आधी ढिला करायला गेलात आणि पान्हा बॉडीला टेकला, तर तो वेल्डिंग मारल्यासारखा चिकटतो.

करंट कुठून कुठे जातो, विचारा त्याला. ‘प्लसकडून मायनसकडं,’ मान वर न करता तो सांगेल. शाळेच्या पुस्तकातला बाणही तेच दाखवतो. तारेतले इलेक्ट्रॉन मात्र मायनसकडून प्लसकडं निघालेले असतात.

हे असं झालं कसं? 1747 च्या सुमारास बेंजामिन फ्रँकलिननं वीज म्हणजे एकच प्रवाही पदार्थ मानला. जास्त असेल तिथं प्लस, कमी तिथं मायनस. घासलेल्या काचेच्या वाट्याला प्लस आला. जे. जे. थॉमसनला इलेक्ट्रॉन सापडला थेट 1897 मध्ये. तोवर नियम, मीटर, आकृत्या, सगळं त्याच बाणावर उभं होतं. फ्रँकलिन चुकला म्हणतात, ते काही पटत नाही. नुसत्या काचेकडं बघून काय सरकलं हे कुणाला कळणार होतं?

शिवाय हिशेबात काही बिघडत नाही. ऋण प्रभार डावीकडं गेला काय नि धन उजवीकडं गेला काय, अँपिअर तेवढेच. डायोड म्हणजे करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग; त्याच्या चिन्हातला बाण आजही जुन्याच दिशेनं असतो. ट्रॅक्टरच्या अल्टरनेटरमध्ये, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्रात, असेच डायोड असतात. बॅटरी उलटी जोडली तर ते जळू शकतात.

[दृश्य : बॅटरीची बुचं उघडलेली, आत अ‍ॅसिड]

इथं गंमत आहे. अ‍ॅसिडमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन वाहत नाहीत, आयन म्हणजे प्रभार असलेले कण सरकतात. बॅटरी करंट देत असताना हायड्रोजनचे धन आयन प्लसच्या प्लेटकडं, सल्फेटचे ऋण आयन मायनसच्या प्लेटकडं, आणि तेही एकाच वेळी. म्हणजे ‘खरी दिशा इलेक्ट्रॉनची’ हेही अर्धंच खरं.

इलेक्ट्रॉनचा वेगही ऐका. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेत एक अँपिअर वाहत असेल, तर मीटरभर सरकायला त्यांना पावणेचार तास लागतात. तरी दिवा लगेच लागतो, कारण तारभर पसरलेले इलेक्ट्रॉन जवळपास एकदमच हलू लागतात.

घरच्या लाइनीत तर तेवढंही नाही. तिथं दिशा सेकंदाला 100 वेळा बदलते आणि इलेक्ट्रॉन जागच्या जागी मागंपुढं होत राहतात. मोबाइल चार्जरची टू-पिन कशीही फिरवून खोचा, चालते.