गर्दी दारातच अडली

[दृश्य: संगणकाच्या पडद्यावर फिरत राहिलेलं चक्र. पान उघडत नाही.]

1 ऑक्टोबर 2013. अमेरिकेत आरोग्य विमा घेण्यासाठीची सरकारी वेबसाइट, हेल्थकेअर डॉट गव्ह, आज सुरू झाली आहे. 36 राज्यांतल्या लोकांसाठी हीच वेबसाइट. दिवसभरात लाखो माणसं येऊन गेली. त्यातल्या किती जणांची विमा नोंदणी शेवटपर्यंत पार पडली? अमेरिकेच्या संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, समितीने नंतर उघड केलेल्या टिपणांत आकडा आहे सहा. सहा लाख नाही, सहा हजारही नाही. सहा.

सरकारी बाजूने पहिलं स्पष्टीकरण आलं ते गर्दीचं. एका वेळी पन्नास-साठ हजार माणसं येतील असा अंदाज होता, आली अडीच लाखांपर्यंत. ऐकायला पटतं. पण महिना संपायच्या आत वॉशिंग्टन पोस्टने बातमी दिली, की साइट सुरू होण्याच्या काही दिवस आधीच तिच्या एका महत्त्वाच्या भागाची चाचणी झाली होती. हजारो माणसांचा भार पेलतो का, हे बघायचं होतं. काही शे कृत्रिम युजर्सनी एकदम लॉगिन करायला घेतलं आणि तो भाग कोसळला.

मग हे अडीच लाखांचं दुखणं कसं?

[दृश्य: साइटवरच्या प्रवासाचा नकाशा. सगळे बाण एकाच चौकटीकडे वळतात.]

मूळ कल्पना अशी होती, की माणसाने आधी योजना बघाव्यात, हप्त्यांची तुलना करावी आणि पटलं तर खातं उघडावं. ऐन शेवटच्या टप्प्यात हे बदललं. आधी खातं, मग बाकी सगळं. नुसती चौकशी करायला आलेला माणूसही आता नोंदणीच्या रांगेत. नोंदणीचा भाग बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्यांनी काँग्रेससमोर हेच सांगितलं: या उशिरा घेतलेल्या निर्णयामुळे नोंदणीवर एकाच वेळी येणारा भार वाढला असावा.

साइट किती गर्दीचा भार पेलते हे तपासणारी चाचणी म्हणजे लोड टेस्ट. तिची आखणी इथून सुरू व्हायला हवी. किती माणसं येणार, हा अर्धाच प्रश्न. आल्यावर ती काय करणार, हा उरलेला अर्धा, आणि तो कठीण. समजा, शंभरांतले ऐंशी नुसते दर बघून जाणार आहेत. दरांचं पान तयार करून ठेवता येतं, कॅशमधून, म्हणजे तयार उत्तरं हाताशी ठेवणाऱ्या साठ्यातून, हजारोंना वाटता येतं. खातं उघडणं तसं नाही. तिथे डेटाबेसमध्ये नवी नोंद होते, ईमेल जातो, ओळख पटवावी लागते. पुढे अर्ज भरताना प्राप्तिकर खातं, सामाजिक सुरक्षा खातं अशा दुसऱ्यांच्या यंत्रणांना विचारावं लागतं. ऐंशी जणांना हलक्या पानावरून उचलून जड पानावर टाकलं, की जुनी आखणी रद्दीत. नव्याने गणित मांडावंच लागतं.

आपल्याकडे दहावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता काय होतं, ते घरोघरी ठाऊक आहे. पण तिथे बैठक क्रमांक आणि आईचं नाव टाकून तयार निकाल फक्त वाचायचा असतो. त्या मानाने तो भार सोपा, निदान कागदावर तरी.

गणित मात्र दोन्हीकडे एकच. जॉन लिटल यांनी 1961 साली सिद्ध केलेला साधा नियम आहे: सेकंदाला येणारी माणसं गुणिले प्रत्येकाचा मुक्काम, म्हणजे एका वेळी आत असलेली माणसं. सेकंदाला वीस जण आले आणि प्रत्येक जण दहा मिनिटं थांबला, तर आत बारा हजार. आता साइट मंदावली आणि मुक्काम वीस मिनिटांवर गेला, तर तेवढ्याच येणाऱ्यांत आतली माणसं चोवीस हजार. शिवाय वैतागून रिफ्रेश दाबणारे वेगळेच. त्यांना धरणारी आखणी विरळा.

[दृश्य: जेमीटरचा पडदा. हिरव्या खुणांची लांबच लांब यादी.]

जेमीटर म्हणजे कृत्रिम युजर्स सोडून लोड टेस्ट करणारं साधन. त्याचा हा नमुन्यादाखल पडदा बघा. पाचशे युजर्स, सगळं हिरवंगार. पण टेस्ट डेटाच्या फाइलमध्ये डोकावलं तर एकच युजरनेम, पाचशे वेळा. पहिल्या खेपेला डेटाबेसने उत्तर दिलं, उरलेल्या 499 वेळा कॅशने. खऱ्या डेटाबेसला घामही फुटलेला नाही. दोन क्लिकच्या मधली विचार करायची वेळही टाकलेली नाही, जणू माणूस फॉर्म न वाचताच भरतो. आणि रिपोर्टमध्ये ठळक छापलंय सरासरी उत्तर 1.2 सेकंद. शंभरांतल्या पाच जणांना वीस-वीस सेकंद ताटकळावं लागलं तरी सरासरी एवढी दिसू शकते. म्हणून जाणकार आधी नव्व्याण्णवावा पर्सेंटाइल विचारतात, म्हणजे शंभरांतल्या नव्व्याण्णव जणांना जास्तीत जास्त किती वेळ लागला ते.

हेल्थकेअर डॉट गव्हच्या कंत्राटदारांनी 24 ऑक्टोबरला काँग्रेससमोर सांगितलं, की सगळे भाग जोडून सलग चाचणी झाली ती शेवटच्या दोन आठवड्यांत. तारीख तर हलणार नव्हती. दुरुस्तीला वेळच न ठेवता केलेल्या चाचणीला पंचनामा म्हणावं.

[दृश्य: मेरीलँडमधली वॉर रूम. भिंतीवर आलेख.]

बचावासाठी आलेल्या पथकात गूगलचे मायकी डिकरसन होते. या पथकाला आढळलं, की साइटची तब्येत एका नजरेत दाखवणारा डॅशबोर्डच नाही. तो आधी उभा केला. डेटाबेसमधून पुन्हापुन्हा मागवली जाणारी माहिती कॅशमध्ये ठेवली, तशी पान उघडण्याची वेळ 22 ऑक्टोबरच्या संध्याकाळी आठ सेकंदांवरून दोनवर आली. मग ध्येय ठरलं: 30 नोव्हेंबरपर्यंत एका वेळी 50,000 माणसं, दिवसाला 8 लाख भेटी. त्यापलीकडच्या गर्दीसाठी प्रतीक्षेचं पान, ईमेल देऊन नंतर परत या म्हणणारं. मला या सगळ्यात सर्वांत शहाणपणाचं वाटतं ते हे पान. क्षमता कुठे संपते, हे आता नेमकं माहीत होतं.

31 मार्च 2014, त्या वर्षीच्या नोंदणीची शेवटची तारीख. एका वेळी लाखावर माणसं साइटवर. सकाळी साइट काही तास बंद होती. दुपारी परत अडचण आली, आणि या खेपेला अडले ते पहिल्यांदाच खातं उघडणारे.