दोन्ही हातांचा बेस
(निवेदन)

दृश्य: कामाचं टेबल, वरून.

चार तारांचा हा साधा बेस, म्हणजे खर्जाची गिटार. दोन हातांच्या टॅपिंगसाठी तो तयार करायचा आहे. तारा काढून ठेवल्या आहेत. फ्रेटबोर्डच्या लाकडावर मास्किंग टेप चिकटवली आहे आणि टेपांच्या मधून फक्त फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या कांबी, डोकावताहेत. कारागीर एकेका फ्रेटच्या माथ्यावर काळा मार्कर फिरवतात. उघड्या डोळ्यांना सगळे फ्रेट एका उंचीचे वाटतात. ते तसे आहेत का, हे आता कळेल.

दृश्य: लांब सपाट पट्टी, तिला खालून चिकटवलेला पॉलिश पेपर.

पट्टी नेकच्या, म्हणजे बेसच्या दांड्याच्या, लांबीने पुढे-मागे फिरते. हात दाब देत नाही, फक्त दिशा देतो. आता शाईकडे पाहा. तिसऱ्या फ्रेटवरची शाई पुसली गेली. चौथ्यावरची तशीच आहे. म्हणजे तिसरा उंच, चौथा खोल. फरक केसाएवढा असतो, पण तार तेवढ्याने अडते. प्रत्येक माथ्यावरची शाई जाईपर्यंत पट्टी फिरत राहील.

दृश्य: वादकाचे दोन्ही हात, जवळून.

हा खटाटोप या वादनासाठी. नेहमीच्या बेसवादनात डावा हात तार दाबतो, उजवा छेडतो. दोन हातांच्या टॅपिंगमध्ये छेडणं नाहीच. बोट तारेवर आपटतं, तार फ्रेटवर आदळते, आणि त्या आदळण्यातूनच सूर निघतो. डाव्या हाताने खर्जाची चाल, उजव्या हाताने सुरावट, दोन्ही एकाच वेळी. एमेट चॅपमन या अमेरिकन वादकाला १९६९ मध्ये दोन्ही हात असे फ्रेटना समांतर ठेवून वाजवण्याची पद्धत सापडली, आणि तिच्यासाठी त्यांनी पुढे चॅपमन स्टिक हे वेगळं वाद्यच घडवलं. बेसवादक तेच हातातल्या बेसवर करू लागले. स्टुअर्ट हॅम यांनी बेथोव्हनचा ‘मूनलाइट सोनाटा’ एकट्या बेसवर वाजवून १९८८ मध्ये ध्वनिमुद्रित केला.

असं वादन पाहिलं की लोक बोटांच्या ताकदीबद्दल बोलतात. टेबलावरच्या कामाबद्दल कुणी बोलत नाही. तार फ्रेटपासून लांब असेल तर बोटाचा अर्धा जोर तिला खाली आणण्यातच जातो. अंतर कमी करा, तोच हात दुप्पट सहज चालतो.

दृश्य: कानस. पोलादी धूळ.

घासल्यामुळे फ्रेटचे माथे चपटे झाले. चपट्या माथ्यावर सूर नेमका लागत नाही. म्हणून अर्धगोल खाचेची ही कानस, एकेका फ्रेटवर. गोलाई परत आली की बारीक पेपर, त्याहून बारीक पेपर, शेवटी पॉलिश.

(इथे निवेदन नाही. कानशीचा आवाज पूर्ण ऐकू द्यावा.)

दृश्य: नवीन तारा चढवताना.

जाडी ०.०४० ते ०.०९५ इंच. नेहमीच्या ०.०४५ ते ०.१०५ च्या संचापेक्षा हलका, म्हणून ताण कमी. ताण कमी झाला की नेक मागे झुकते. तिला ताळ्यावर आणायला नेकच्या पोटात ट्रस रॉड नावाची सळई असते. कारागीर तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबतात आणि मधल्या फ्रेटपाशी फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, सरकवतात. सर्वसाधारण बेसला तिथे ०.३ मिलिमीटरच्या आसपास फट ठेवतात. इथे जेमतेम कागदाएवढी. ट्रस रॉड फिरवणारी ॲलन की पाव फेरा फिरते. पुन्हा सूर लावायचा, पुन्हा मोजायचं.

मग ब्रिजवरची, म्हणजे बेसच्या घोडीवरची, सॅडल खाली. तार टेकते ती हीच. खर्जाच्या तारेची उंची बाराव्या फ्रेटवर दीड मिलिमीटरच्या जवळ येते, बारीक तारेची त्याहून कमी. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावतात, तेव्हा तारेची घोडीशी होणारी लगट मुद्दाम जपतात. इथे तारेने फ्रेटला मधेच लागता कामा नये, म्हणून तर आधी शाई पुसत बसायचं. फ्रेट सपाट नसताना सॅडल खाली केली, तर फक्त खरखर वाढते.

दृश्य: नटजवळ, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात तिथे, केसांचा रबर.

हा रबर शोभेचा नाही. टॅप केलेली तार फ्रेटच्या दोन्ही बाजूंना थरथरते. ब्रिजकडचा भाग हवा असलेला सूर देतो. नटकडचा भाग आपलाच वेगळा सूर लावत बसतो. नेहमीच्या वादनात तो भाग डाव्या हाताखाली आपसूक दबतो. इथे दोन्ही हात कामात, मग तो दाबणार कोण? केसांचा रबर, फेल्टची पट्टी, काहीही चालतं. चॅपमन स्टिकमध्ये त्यासाठी नटपाशी दाबपट्टी असतेच. मोकळी तार मात्र मग वापरता येत नाही.

दृश्य: पिकअपचे स्क्रू.

पिकअप तारांची थरथर चुंबकाने टिपतो. चारही तारांचा आवाज सारखा येईपर्यंत तो वर-खाली. फार वर नको, चुंबक जाड तारेला ओढतो आणि सूर डळमळतो. पुढे कॉम्प्रेसर पेडल लावलं की हलका आणि जोरकस टॅप जवळजवळ एका पातळीवर येतात. पट्टाही आखूड केला आहे, कारण बेस छातीच्या जवळ असला तरच उजवं मनगट न वळता फ्रेटबोर्डवर पोहोचतं. वळलेल्या मनगटाने तासन् तास वाजवलं तर ते दुखावतं.

दृश्य: वादक, पूर्ण चौकटीत.

हाच बेस, हेच हात, सकाळी टेबलावर येण्याआधी वाजवलेलीच चाल. आधीचं आणि आताचं एकापाठोपाठ ऐका.

(दोन्ही तुकडे पूर्ण. निवेदन नाही.)

खाली घेतलेल्या तारांवर जोरदार स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तार ठोकून, वाजवला तर खरखर येणारच. त्यासाठी सॅडल परत वर घ्यावी लागते. घासलेला फ्रेट मात्र परत उंच होत नाही, तेव्हा हे काम शिकलेल्या हाताकडूनच करून घ्यावं. आणि किनारपट्टीवर राहत असाल, तर पावसाळा लागल्यावर एकदा आणि संपल्यावर एकदा फीलर गेज पुन्हा काढा. दमट हवेत लाकूड ओलावा धरतं आणि नेक हलते.